युनियन सैन्यात लढलेले भाऊ कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता इथल्या जुन्या कुटुंबांतल्या सुना आहेत, जावई आहेत. नातवंडांना शाळेत घराण्याचा इतिहास लिहून आणायला सांगतात, आणि मग एखाद्या आजीकडून गोष्ट बाहेर येते: "आमच्या घरातले तिघे भाऊ लिंकनच्या सैन्यात होते." पुढचं कुणालाच ठाऊक नसतं. मी इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात स्वयंसेवक म्हणून बसते. हा शोध घेऊन येणाऱ्या मराठी मंडळींना जे सांगते, तेच इथे लिहिलं आहे. माझा आग्रह एकच आहे: एकेकटा सैनिक शोधू नका, घर शोधा. एका भावाचे कागद दुसऱ्या भावापर्यंत नेतात, आणि पुष्कळदा तेवढी एकच वाट शिल्लक असते.

सुरुवात कुठून करायची? हाती फक्त आडनाव आणि "तिघे भाऊ लढले" एवढंच आहे.

१८६० च्या जनगणनेपासून. उत्तरेची राज्यं (युनियन) आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं (कॉन्फेडरेट) यांच्यातलं यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये पेटलं आणि जनगणना जून १८६० ची आहे. म्हणजे मुलं भरतीला जाण्याच्या आधी, अजून एका छपराखाली असताना झालेली ती नोंद. बहुतेक लोक थेट सैनिकांच्या यादीत नाव टाकतात आणि शेकडो नावांत हरवून जातात. आधी आईवडिलांची नावं, मुलांची वयं, गाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि जन्मस्थान मिळवा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडलं की हे सगळं फुकट पाहता येतं.

मात्र एक सावधगिरी हवी. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० पासून सुरुवात झाली, पण कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला १८८० मध्ये. त्यामुळे १८६० मध्ये एका घरात एकाच आडनावाचे २२, १९ आणि १७ वर्षांचे तिघे दिसले, तर ते सख्खे भाऊ आहेत असं लगेच धरू नका. आईबाप गेलेला पुतण्या असू शकतो, शेतीच्या कामाला आलेला चुलत भाऊ असू शकतो. दहा वर्षं मागे जा. १८५० मध्ये तेच तिघे १२, ९ आणि ७ वर्षांचे असून त्याच आईवडिलांजवळ असले, तर पाया पक्का होतो.

घर सापडलं. आता ते कोणत्या रेजिमेंटमध्ये होते ते कसं कळणार?

त्या काळी भरती गावागावांतून होत असे. लिंकनने १५ एप्रिल १८६१ रोजी ७५,००० स्वयंसेवक मागितले. पुढे तीन वर्षांच्या मुदतीवर भरती सुरू झाली, तेव्हा गावातलाच एखादा वकील, शिक्षक किंवा गिरणीमालक सभा घेऊन शंभरेक जणांची कंपनी उभी करी. अशा दहा कंपन्या मिळून पायदळाची एक रेजिमेंट. कंपन्यांना 'ए' पासून 'के' पर्यंतची अक्षरं असत, मधलं 'जे' वगळून. तेव्हा पायदळाच्या नोंदीत 'कंपनी जे' वाचलंत, तर अक्षर पुन्हा नीट बघा.

याचा आपल्याला मोठा फायदा होतो. काउंटी कळली की त्या काउंटीतून कोणत्या कंपन्या उठल्या हे शोधता येतं, आणि थोरला ज्या कंपनीत सापडतो तिच्याच यादीत धाकटा मिळण्याची शक्यता चांगली असते. ओहायो, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा अनेक राज्यांनी युद्धानंतर आपल्या सैनिकांच्या याद्या रेजिमेंट-कंपनीवार छापल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आता ऑनलाइन वाचता येतात. नुसतं आडनाव शोधण्यापेक्षा अख्ख्या कंपनीची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. शेजारची आडनावं जनगणनेच्या त्याच पानावरची निघाली, की आपण योग्य गावात आहोत हे समजतं.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या डेटाबेसमध्ये एकाच नावाचे चाळीस सैनिक येतात. आमचा कोणता?

राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या या सरकारी खात्याने यादवी युद्धातल्या सैनिकांची ऑनलाइन यादी केली आहे. त्या डेटाबेसमध्ये दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ६३ लाख नावं आहेत. प्रत्यक्षात सैनिक तेवढे नव्हते. एकच माणूस दोन रेजिमेंटमध्ये असला, किंवा त्याचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, की त्याच्या वेगळ्या नोंदी होतात. कारकून कानावर पडेल तसं नाव लिही. जर्मन श्मिट एका हजेरीपटावर स्मिथ होतो आणि दुसऱ्यावर श्मिटच राहतो. आयरिश आडनावांच्या सुरुवातीचं 'ओ' कधी असतं, कधी गळतं. युनियन सैन्यात साधारण चौथा हिस्सा परदेशात जन्मलेल्यांचा होता, त्यामुळे हा घोळ पदोपदी भेटतो.

चाळिसांतून आपला एक निवडायला नाव पुरत नाही. वय, जन्मगाव, धंदा, भरतीचं ठिकाण यांवर भर द्या. वयाबाबत थोडं सैल राहा: १८ वर्षं पुरी झालेली नसताना वाढवून सांगणारी मुलं पुष्कळ होती. आणि भाऊ एकत्र शोधा. जॉन शेकड्यांनी असतील, पण एकाच कंपनीत, एकाच गावातून, काही दिवसांच्या अंतराने भरती झालेले एकाच आडनावाचे जॉन, इझ्रा आणि थॅडियस दुसरीकडे कुठे मिळणार? तिघांतलं सर्वांत विरळ नाव आधी शोधा.

सेवानोंद आणि पेन्शनची फाइल यांत काय फरक? आधी कोणती मागवावी?

दोन्ही मागवा, पण पैसे एकीपुरतेच असतील तर डोळे झाकून पेन्शनची.

सेवानोंद म्हणजे सैनिकाच्या नावाचं एक पाकीट आणि त्यातली कार्डं. युद्धानंतर काही दशकांनी वॉर डिपार्टमेंटच्या (सरकारच्या युद्धखात्याच्या) कारकुनांनी हजेरीपट, इस्पितळांच्या याद्या आणि तुरुंगांच्या याद्या वाचून प्रत्येक उल्लेखासाठी एकेक कार्ड लिहिलं. पेन्शनचे दावे पडताळायला ते हवं होतं. त्यातून तो कधी हजर, कधी आजारी, कधी कैदेत हे कळतं, आणि बहुधा वर्णनही मिळतं: उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, धंदा, जन्मगाव. फोटो नसलेल्या घराला आपला पूर्वज निळ्या डोळ्यांचा होता हे पहिल्यांदा कळतं ते इथेच. दोन रेजिमेंटमध्ये सेवा केली असेल तर पाकिटंही दोन, ती वेगवेगळी मागावी लागतात.

पेन्शनची फाइल मात्र कुटुंबाची असते. १८६२ च्या कायद्याने जखमी किंवा आजारी सैनिकांना आणि मृतांच्या कुटुंबांना पेन्शन दिली. १८९० मध्ये नियम सैल झाला: ९० दिवस सेवा आणि अंगमेहनतीला असमर्थता एवढं पुरे, दुखणं युद्धातलंच असण्याची अट गेली. १९०७ पासून वयाची ६२ वर्षं पुरी झाली की ती मिळू लागली. त्यामुळे जो सैनिक म्हातारपणापर्यंत जगला, त्याची फाइल असण्याची शक्यता दांडगी. शेवटची पेन्शन किती काळ चालली पाहा: दोन्ही सैन्यांत काम केलेल्या मोझ ट्रिप्लेट यांच्या कन्या आयरीन ट्रिप्लेट यांना दरमहा ७३.१३ डॉलर मिळत, ते थेट २०२० साली त्यांचं निधन होईपर्यंत.

फाइलमध्ये काय सापडतं? लग्नाचा दाखला, मुलांच्या जन्मतारखा, डॉक्टरांचे तपासणी अहवाल, जुन्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं. दाखला नसलेल्या घरांनी बायबलमधली जन्ममृत्यूच्या नोंदींची पानं फाडून पाठवली, ती आजही तशीच आत आहेत. आणि भाऊ! विधवेच्या दाव्यात दीर येऊन सांगतो की लग्नाला मी हजर होतो. जखमेच्या दाव्यात धाकटा सांगतो की त्या दिवशी मी दादाच्या शेजारी उभा होतो. अशा जबानीत तो स्वतःचं वय, गाव आणि कंपनीही सांगून जातो. ज्याचा मागमूस लागत नव्हता, असा भाऊ मी पुष्कळदा दुसऱ्याच्या फाइलमध्ये पाहिला आहे.

पेन्शनची सूची दोन प्रकारची आहे. एक सैनिकाच्या नावाने लावलेली. दुसरी राज्य, रेजिमेंट, कंपनी या क्रमाने लावलेली, आणि भाऊ शोधायला हीच सरस. कार्डावर अर्ज कुणी केला तेही असतं: स्वतः सैनिक, विधवा, अज्ञान मूल किंवा आई. क्रमांक टिपून घ्या आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे (राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) मागणी करा, पेन्शनसाठी फॉर्म ८५, सेवानोंदीसाठी फॉर्म ८६. शुल्क पडतं. 'संपूर्ण फाइल' हवी असं स्पष्ट नोंदवा, नाहीतर निवडक कागदांचा छोटा संच हाती येतो.

आमचा पूर्वज अविवाहित असताना मारला गेला. बायको नाही, मूल नाही. त्याचं काय मिळणार?

सूचीतल्या त्याच्या कार्डावर आईचा अर्ज आहे का ते पाहा. माझ्या मते या सगळ्या दप्तरात इतकं मोलाचं दुसरं काही नाही.

मुलाच्या कमाईवर आपलं घर चालत होतं हे आईने सिद्ध केलं, तर तिला पेन्शन मिळे. पुढे वडिलांना आणि पोरक्या लहान भावंडांनाही ती मिळू लागली. आता हे सिद्ध कसं करायचं? मुलगा पैसे पाठवत होता याचा पुरावा म्हणून आयांनी त्याची पत्रंच कचेरीत दिली. "पगार झाला, वीस डॉलर पाठवतोय, पिठाच्या दुकानाची उधारी फेड" अशा धर्तीची ही पत्रं. पेन्शन मंजूर झाली, पत्रं दप्तरात राहिली. गेलेल्या मुलाच्या हातची अक्षरं त्या माउलीने सरकारजमा केली, कारण चूल पेटायला हवी होती. ती वाचताना घाई करू नका. "जेम्सला माझ्याआधी पगार मिळाला", "विल्यम इस्पितळात आहे, आईला सांगू नका" अशा ओळींतून बाकीचे भाऊ कुठे होते ते कळतं.

याच फाइलमध्ये घराची सगळी परिस्थिती येते. वडील कधी वारले, दारू प्यायचे का, जमीन किती, गाय कोणाची, इतर मुलगे मदत का करत नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना आई प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा सांगते. वंशावळ लिहिणाऱ्याला आणखी काय हवं!

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पाचही भाऊ युद्धात मेले. कागदांत मात्र दोघेच दिसतात.

कागदांच्या बाजूने उभे राहा. बॉस्टनच्या लिडिया बिक्सबी यांची हकीकत जरूर लक्षात ठेवा. त्यांचे पाच मुलगे रणांगणावर पडले असं वॉर डिपार्टमेंटच्या कागदांवरून लिंकनना सांगण्यात आलं, आणि २१ नोव्हेंबर १८६४ च्या तारखेचं राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनपत्र त्यांना गेलं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ते छापलंही गेलं. पुढे नोंदी तपासल्यावर दिसलं की लढाईत मरण आलं ते चार्ल्स आणि ऑलिव्हर या दोघांना. हेन्री कैदेतून सुटून सेवामुक्त झाला होता, एक जण सैन्यातून पळून गेला होता, आणि जॉर्ज पकडला गेल्यानंतरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

खुद्द सरकारी खात्याची माहिती युद्ध चालू असताना अशी चुकत होती, तर घरातल्या सांगण्यात फरक पडला यात नवल नाही. आजीच्या गोष्टीचा मान राखा, ती आहे तशी टिपून ठेवा, पण वंशावळीत प्रत्येक भावापुढे त्याच्या स्वतःच्या कागदातलंच लिहा.

सेवानोंदीत 'फरार' लिहिलंय. हे नातवाच्या प्रकल्पात लिहावं का?

आधी पुढची कार्डं वाचा. हजेरीच्या दिवशी जो दिसला नाही आणि ज्याचा पत्ता नव्हता, त्याच्यापुढे हा शेरा सहज पडे. तो दुसऱ्याच गावच्या इस्पितळात तापाने पडलेला असे, किंवा शत्रूच्या कैदेत. युद्धानंतर कायदा करून असे शेरे खोडण्याची सोय झाली, आणि खोडल्याची नोंद त्याच पाकिटात मिळते. खरोखरच पळून गेला असेल, तर तसं लिहा. विशीतला पोर, घरी आजारी आई, शेतात उभं पीक: हेही लिहा.

चौघांपैकी एकच भाऊ गेला नाही. का?

१८६३ च्या मार्चमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, त्यात याचं उत्तर असू शकतं. २० ते ४५ वयाच्या पुरुषांची नोंद होई. विधवा आईचा एकुलता आधार असलेल्या मुलाला सूट होती. एकाच घरातले दोघे आधीच सैन्यात असतील, तर उरलेल्यांपैकी दोघांपर्यंत सूट मिळे. आणि एक कलम असं होतं की म्हाताऱ्या किंवा अपंग आईवडिलांचे दोन किंवा अधिक मुलगे भरतीस पात्र असतील, तर कोणता घरी ठेवायचा हे आईवडिलांनी निवडावं. त्या आईवडिलांच्या मनाचं काय झालं असेल! शिवाय ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटता येई. ३०० डॉलर म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई. या नोंदवह्या टिकल्या आहेत आणि सेवेत असलेल्या भावाचा उल्लेख त्यांत शेऱ्याच्या रकान्यात मिळतो.

एक भाऊ उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, असं खरंच व्हायचं?

झालं आहे. गेटिसबर्गचा वेस्ली कल्प कामधंद्यासाठी व्हर्जिनियात गेला, तिथल्या रेजिमेंटमध्ये लढला आणि जुलै १८६३ मध्ये आपल्याच गावाजवळ पडला. त्याचा भाऊ विल्यम युनियनच्या ८७ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटमध्ये होता. स्कॉटलंडहून आलेले कॅम्पबेल बंधू, अलेक्झांडर आणि जेम्स, जून १८६२ मध्ये सेसेशनव्हिलच्या लढाईत समोरासमोरच्या फौजांत होते. तेव्हा एखादा भाऊ युनियनच्या यादीत नसेल तर कॉन्फेडरेट सेवानोंदीही पाहा, त्याही नॅशनल आर्काइव्ह्जमध्येच आहेत. त्यांची पेन्शन मात्र दक्षिणेतली राज्यं देत, म्हणून ती दप्तरं राज्यांकडे.

सूनबाईंचं कुटुंब कृष्णवर्णीय आहे. १८६० च्या जनगणनेत त्यांचं नावच नाही.

गुलामगिरीत असलेल्यांची १८५० आणि १८६० मध्ये वेगळी नोंद झाली: मालकाचं नाव, आणि त्याखाली नुसती वयं, लिंग व वर्ण. माणसांची नावंच लिहिली नाहीत. त्यामुळे इथे शोध उलट्या दिशेने, १८७० पासून मागे करावा लागतो, आणि मधला पूल म्हणजे हेच सैन्य. मे १८६३ मध्ये वॉर डिपार्टमेंटने कृष्णवर्णीय पलटणींसाठी वेगळी शाखा काढली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक युनियनच्या भूदलात होते. कित्येकांचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा उमटलं ते भरतीच्या दिवशी.

अडचण अशी की सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी असतात. लहानपणी वेगवेगळ्या मालकांना विकले गेलेले भाऊ मालकाच्या आडनावाने नोंदले गेले, किंवा स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रत्येकाने स्वतः नाव निवडलं. म्हणून इथे आडनावावर विसंबू नका. दोन दप्तरं आवर्जून पाहा. एक, पेन्शनची विशेष चौकशी: लग्नाचे, जन्माचे दाखले नसल्याने तपासनीस गावोगाव जाऊन जबान्या घेत, त्यांत मालक कोण, कुठे विकलं, भाऊ कोणत्या नावाने कुठे राहतो हे सगळं बोललेल्या शब्दांत येतं. दुसरं, मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या, १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या. त्यांत खातेदाराचे आईवडील, भाऊ, बहिणी यांची नावं लिहून घेत, ताटातूट झालेल्यांचीसुद्धा.

जी कुटुंबं आधीपासून स्वतंत्र होती त्यांचा शोध नेहमीच्या वाटेने होतो. गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे लुइस आणि चार्ल्स हे मुलगे कृष्णवर्णीयांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये भरती झाले. लुइस जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात होता. चार्ल्स आजारपणामुळे मागे राहिला आणि नंतर घोडदळात गेला. एकाच रेजिमेंटमधले सख्खे भाऊ, पण 'दोघे वॅग्नरला लढले' असं लिहिणं चूक ठरेल.

आगीत सगळे कागद जळाले ना?

हे नाही. १९७३ मध्ये सेंट लुइसला लागलेल्या आगीत विसाव्या शतकातल्या सैनिकांच्या फाइली गेल्या. १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत १८९० ची सर्वसाधारण जनगणना इतकी खराब झाली की पुढे ती जवळजवळ पूर्ण नष्ट केली गेली. त्या वर्षीची युनियन सैनिक व विधवांची खास यादी मात्र अंशतः उरली: वर्णक्रमाने केंटकीच्या काही भागापासून वायोमिंगपर्यंतची राज्यं. १९१० च्या जनगणनेतही माजी सैनिकांचा रकाना आहे.

भाऊ नौदलात असेल तर?

नौदलाची अशी एकत्रित पाकिटं केलेली नाहीत. भरतीच्या बंदरांतले साप्ताहिक अहवाल आणि जहाजांचे हजेरीपट पाहावे लागतात. पेन्शन सूची तिथेही उपयोगी पडते.

भाऊ परतलाच नाही. कुठे पुरला असेल?

युनियनचे सुमारे ३,६०,००० सैनिक मेले. लढाईपेक्षा रोगराईने मेलेले दुपटीहून अधिक, म्हणून प्रसिद्ध रणभूमीऐवजी इस्पितळांच्या गावांतली राष्ट्रीय स्मशानं आधी तपासा. युद्धानंतर सुमारे तीन लाख मृतदेह या स्मशानांत हलवले गेले, त्यांत निम्म्याच्या आसपास अनोळखी राहिले.

कैदेत गेला असेल तर जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलची यादी पाहा. तिथे सुमारे १३,००० कैदी मेले. डॉरेन्स अॅटवॉटर या तरुण कैद्याला मृतांची नोंद ठेवायला बसवलं होतं. त्याने गुपचूप दुसरी प्रत लिहिली आणि बाहेर आणली. त्या यादीमुळे १८६५ मध्ये, युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टन यांच्यासह गेलेल्या तुकडीला बहुतेक कबरींवर नावं लावता आली, जेमतेम ४६० अनोळखी राहिल्या. बार्टनबाईंनी वॉशिंग्टनला बेपत्ता सैनिकांचं कार्यालय चालवलं, ६३,००० हून अधिक पत्रं हाताळली आणि २२,००० हून अधिक जणांचा छडा लावला. आपण करतो ते काम त्या बाईंनी तेव्हाच, आया दारात उभ्या असताना केलं.

मराठी माणसाने या युद्धात एवढं का गुंतावं?

नातवंडांचं रक्ताचं नातं हे एक कारण पुरेसं आहे. शिवाय हे युद्ध आपल्या घरापर्यंत आलं होतं. दक्षिणेतला कापूस अडल्यामुळे १८६१ ते १८६५ मध्ये मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरचा सट्टा फुगला आणि युद्ध संपताच कोसळला. आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या लोकांत हे भाऊही येतात.

कबर सापडली, पण तिच्यावर दगड नाही. आपण बसवू शकतो का?

हो. १८७९ च्या कायद्याने खासगी स्मशानांतल्या युनियन सैनिकांच्या कबरींनाही सरकारी दगड मिळू लागले. त्या काळी दिलेल्या दगडांची कार्डं उपलब्ध आहेत, ती आधी पाहा, कारण दगड खचून मातीखाली गेलेला असू शकतो. तसं नसेल तर माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याकडे अर्ज करता येतो. इतक्या जुन्या सैनिकासाठी अर्जदार थेट वंशजच असावा लागत नाही. सेवानोंदीची किंवा पेन्शनची प्रत, कबरीच्या जागेचा पुरावा आणि स्मशानाच्या व्यवस्थापनाची संमती जोडा. दगड फुकट मिळतो, बसवण्याचा खर्च खासगी स्मशानात आपला. नाव, कंपनी, रेजिमेंट आणि तारखा कोरायला देण्याआधी सेवानोंदीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून घ्या, आणि दोन भाऊ शेजारी पुरलेले असतील तर दोन्ही अर्ज एकदमच पाठवा.